खुशाली खरी कळवावी
(कामानिमित्त परदेशी जाणाऱ्यांच्या मनावरील ताणाविषयी)

बी. ए. भाग दोन

देशाटनाने माणूस शहाणा होतो, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. ते खरेच आहे. परंतु देशाटनाचेही दोन प्रकार असतात. एक हौसेचे आणि दुसरे कामाचे. हौसेने जाणारा आपल्या पैशाने जातो, आपल्या मर्जीने फिरतो आणि कंटाळा आला की परततो. कामासाठी जाणाऱ्याला ही मोकळीक नसते. त्याच्या पाठीमागे त्याला पाठवणारी कंपनी असते, नाहीतर त्याला पैसे देणारी बँक किंवा सावकार असतो. पुढे ठरलेली मुदत असते. आणि घरी त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली माणसे असतात. तो विमानात एकटा बसलेला दिसला, तरी ही सगळी मंडळी त्याच्या खांद्यावर असतातच. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रकारच्या प्रवासाचा, त्यातून मनावर येणाऱ्या ताणाचा आणि त्यावरील उपायांचा विचार करावयाचा आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील कॉलेजच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, पूर्वी आपल्या जिल्ह्यातून परदेशी जात असे तो कापूस. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी भाव आला. पुढे यवतमाळ-मूर्तिजापूर ही शकुंतला रेल्वे झाली, तीही मुख्यतः कापसाच्या गाठी मुंबईच्या वाटेला लावण्यासाठीच. ती गाडी आज धावत नाही. पण ज्या शेतकऱ्यांनी तो कापूस पिकवला, त्यांची नातवंडे-पतवंडे आज पुण्या-मुंबईच्या कारखान्यांत आणि संगणकाच्या कंपन्यांत कामाला आहेत. त्यांतील काहींना महिना-दोन महिन्यांसाठी जर्मनी, जपान, अमेरिका किंवा आखाती देशांत पाठवले जाते. कापसाच्या गाठीला घरची आठवण येत नाही, माणसाला येते. म्हणून हा विषय आता आपलाही झाला आहे.

ताण म्हणजे काय?

ताण हा शब्द पुस्तकातला. गावात त्यालाच 'टेन्शन' म्हणतात. समजा, रात्री जागलीला गेलेल्या माणसापुढे अचानक रानडुक्कर आले. त्याची छाती धडधडू लागते, श्वास वाढतो, हातापायांत बळ येते, तोंडाला कोरड पडते. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या सुमारास याचा उलगडा केला. संकट दिसताच शरीर लढण्याच्या किंवा पळण्याच्या तयारीला लागते. अॅड्रेनलिन नावाचे द्रव्य रक्तात मिसळते आणि सगळी शक्ती स्नायूंकडे वळते. पचन, झोप असली कामे मागे पडतात. डुक्कर निघून गेले की थोड्या वेळाने सर्व पूर्ववत होते.

१९३६ साली हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने उंदरांवरील प्रयोगांवरून पुढची गोष्ट मांडली. त्रासाचे कारण थंडी असो, इजा असो की विष असो, शरीराची प्रतिक्रिया बरीचशी एकाच साच्याची असते. आधी धोक्याची सूचना, मग प्रतिकार आणि त्रास संपलाच नाही तर शेवटी थकवा, अशा तीन पायऱ्या त्याने सांगितल्या.

यातून दोन गोष्टी ध्यानात घ्यावयाच्या. पहिली ही की, ताण मुळात वाईट नव्हे. परीक्षेची थोडी धास्ती असते म्हणूनच आपण पुस्तक उघडतो. दुसरी ही की, ताण फार दिवस उतरलाच नाही तर तो माणसाला पोखरतो. परदेशातील कामाचे असेच आहे. तिथले रानडुक्कर समोरून येत नाही आणि निघूनही जात नाही. ते सहा-सात आठवडे बांधावर उभेच असते.

शरीराचे घड्याळ

परदेशी गेलेल्या माणसाचा पहिला शत्रू परका माणूस नसून स्वतःचे शरीर होय. आपल्या मेंदूत, डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या किंचित वर, पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. तेच आपले घड्याळ. केव्हा झोप यावी, केव्हा भूक लागावी, शरीराचे तापमान केव्हा उतरावे हे ते ठरवते आणि डोळ्यांत येणाऱ्या उजेडावरून रोज आपले काटे जुळवून घेते. अंधार पडला की मेलाटोनिन नावाचे द्रव्य स्रवू लागते आणि झोपेची वेळ झाल्याचा निरोप शरीरभर जातो. पेशींच्या आत हे घड्याळ कसे चालते याचा शोध लावल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश व मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे घड्याळ बिघडले की काय होते, हे शेतकऱ्याच्या घरात वेगळे सांगावयास नको. ज्या शिवारात वीज रात्री येते, तिथे बारा वाजता उठून ओलीत करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी डोके जड वाटते, अन्न गोड लागत नाही आणि क्षुल्लक कारणावरून राग येतो. विमानाने दूर गेलेल्याचेही असेच होते. जर्मनीचे घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन व हिवाळ्यात साडेचार तास मागे असते. न्यूयॉर्कचे उन्हाळ्यात साडेनऊ व हिवाळ्यात साडेदहा तास मागे. जपानचे साडेतीन तास पुढे. शरीर दिवसाला साधारण एका तासाचा फरक भरून काढते. म्हणजे युरोपात गेलेल्या माणसाचे पहिले चार-पाच दिवस संध्याकाळीच पेंगण्यात आणि पहाटे तीनला टक्क जागे होण्यात जातात. पश्चिमेकडे जाणे त्या मानाने सोपे आणि पूर्वेकडे जाणे अवघड, कारण माणसाचे आतले घड्याळ स्वभावतःच चोवीस तासांपेक्षा किंचित हळू चालते. त्याला उशीर करणे जमते, घाई करणे जमत नाही.

पूर्वी बोटीने जावे लागे. मुंबईहून लंडनला दोन-अडीच आठवडे लागत. तेवढ्यात घड्याळाचा फरक रोज थोडाथोडा अंगवळणी पडत असे. आता मुंबईहून दहाएक तासांत विमान लंडनला पोहोचते. वेळ वाचला हे खरे, पण शरीर मागे राहते आणि माणूस पुढे जातो. त्यातच विमानातील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावा इतका, म्हणजे चिखलदऱ्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवरचा असतो आणि हवा अत्यंत कोरडी असते. म्हणून घसा सुकतो, डोके दुखते, पाय सुजतात.

यावरील उपाय साधे आहेत. विमानात वरचेवर पाणी प्यावे आणि मधूनमधून उठून चालावे. बसल्या जागीच मनगटावरचे घड्याळ तिकडच्या वेळेला लावावे. पोहोचल्यावर झोप आली तरी तिथली रात्र होईपर्यंत तग धरावा. अगदीच असह्य झाले तर अर्धा तास पडावे. पश्चिमेकडे गेल्यास संध्याकाळच्या उजेडात बाहेर फिरावे, पूर्वेकडे गेल्यास सकाळच्या. दुपारनंतर चहा-कॉफी टाळावी. शक्य असेल तर महत्त्वाची बैठक पोहोचल्याच्या दिवशी ठेवू नये. रोजच्या गोळ्या घेणाऱ्याने त्या तिकडे कोणत्या वेळी घ्याव्यात हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे.

मनावरील ओझे

शरीराचे घड्याळ आठवड्याभरात जुळते. मनाचे मात्र इतक्यात जुळत नाही. कॅलर्व्हो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने १९६० साली प्रसिद्ध झालेल्या लेखात परक्या समाजात गेलेल्या माणसाच्या मनाचे टप्पे सांगितले आहेत. सुरुवातीला सगळेच नवे आणि सुंदर वाटते. नंतर सगळ्याचा वीट येतो. मग हळूहळू रीत कळू लागते आणि शेवटी माणूस तिथे रमतो. याला त्याने सांस्कृतिक धक्का म्हटले. आता यात गंमत अशी की, कामासाठी दीड-दोन महिने गेलेला माणूस बहुधा दुसऱ्या टप्प्यात असतानाच परततो. म्हणजे वीट येण्याचा काळ तेवढा त्याच्या वाट्याला येतो, रमण्याचा येत नाही. हे आधी ठाऊक असले तर "माझेच काहीतरी चुकते आहे" असे त्याला वाटणार नाही.

त्यातही आपल्यासारख्यांच्या घरातून गेलेल्याची अडचण वेगळी असते. ज्याचे वडील अधिकारी आहेत, काका अमेरिकेत आहेत, त्याला विमानतळावर काय करावयाचे, साहेबासमोर कसे जेवावयाचे हे विचारायला घरात माणूस असते. माझ्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेले नव्हते. त्यामुळे प्रवेशाचा साधा अर्ज भरतानाही, विचारायला कोणी नसणे म्हणजे काय, ते मला कळले. परदेशी जाणाऱ्याच्या बाबतीत हेच शंभरपटीने होते. आणि विचारायला कोणी नसले की माणूस गप्प बसायला शिकतो. माझ्या मते खरा ताण इथून सुरू होतो.

दादासाहेब फाळक्यांचा लंडनचा प्रवास

महाराष्ट्रात धंद्यासाठी परदेशी गेलेल्यांची उदाहरणे कमी नाहीत. त्यांतील एक उदाहरण या विषयावर विशेष प्रकाश टाकते. ते म्हणजे धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचे. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण १९१२ साली लंडनला निघाले तेव्हा ते जनक वगैरे कोणी नव्हते. एकेचाळीस वर्षांचे, छापखान्याचा व्यवसाय सोडलेले, बायकामुलांचे धनी होते.

त्याआधी १९०९ मध्ये ते रंगीत छपाईच्या यंत्रांसाठी जर्मनीस जाऊन आले होते. पुढे भागीदारांशी पटले नाही आणि छापखाना सुटला. १९११ च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट त्यांच्या पाहण्यात आला आणि आपल्या देवादिकांची चित्रे अशीच पडद्यावर आणावी, या विचाराने त्यांना पछाडले. रात्रंदिवस चित्रपट पाहणे, पुस्तके वाचणे, प्रयोग करणे यांत झोप नाहीशी झाली आणि डोळे इतके बिघडले की काही काळ दिसेनासे झाले. डॉक्टरी उपचारांनी दृष्टी परत आली. आप्तेष्टांपैकी अनेकांना हे खूळ वाटले. अशा अवस्थेत बारा हजारांच्या विमापत्रांवर दहा हजार रुपये उभे करून १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते बोटीत बसले.

ताणाची जेवढी कारणे मोजता येतील तेवढी सर्व इथे हजर आहेत. कर्ज आहे, आजार आहे, लोकांची थट्टा आहे, परका देश आहे आणि हातात मोजके दिवस आहेत. तरीही हा माणूस काम उरकून १ एप्रिलला परत आला. बरोबर चित्रपट तयार करण्याची विद्या आणली. पुढच्या वर्षी, ३ मे १९१३ रोजी, मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात 'राजा हरिश्चंद्र' लागला.

हे त्यांना कसे साधले? मला तीन कारणे दिसतात.

पहिले, ते आंधळेपणाने गेले नाहीत. लंडनहून निघणारे 'बायोस्कोप' हे साप्ताहिक ते मुंबईत वाचत असत. त्यामुळे त्या अवाढव्य शहरात कोणत्या दारावर थाप मारावयाची, हे त्यांना ठाऊक होते.

दुसरे, त्यांनी विचारण्याची लाज धरली नाही. त्या साप्ताहिकाची पाटी पाहून ते सरळ संपादक कॅबर्न यांच्याकडे गेले. कॅबर्न यांनी आधी त्यांना परावृत्तच केले. या धंद्यात इंग्लंडमध्येच लोक बुडत आहेत, हिंदुस्थानच्या हवेत हे कसे जमणार, असे त्यांचे म्हणणे. पण फाळक्यांची तळमळ पाहून त्याच गृहस्थाने त्यांची वॉल्टन येथील चित्रपट-निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थनी आपले सर्व विभाग दाखवले. कोणता कॅमेरा घ्यावा याचा सल्ला मिळाला आणि पन्नास पौंडांत विल्यमसन कॅमेरा खरेदी झाला. परक्या मुलखात एक ओळखीचे दार उघडले की अर्धा ताण उतरतो, तो असा.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. त्यांनी घरी काही लपवले नव्हते. ख्रिस्ताचा तो चित्रपट दुसऱ्यांदा पाहताना त्यांनी पत्नी सरस्वतीबाईंना सोबत नेले होते. घरातील वस्तू गेल्या, दागिने गेले, त्या सगळ्याला त्या साक्षी होत्या. पुढे फिल्मला भोके पाडणे, ती धुणे ही कामे त्या शिकल्या आणि चित्रपटाच्या सगळ्या ताफ्याला रांधूनही घातले. म्हणजे लंडनला गेलेले फाळके एकटे असले तरी त्यांची चिंता एकट्याची नव्हती. ती दोघांत वाटलेली होती.

म्हणून पुढे सर्व सुरळीत झाले असे मात्र नाही. १९१४ साली ते आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तिथे कौतुक झाले, तिकडेच राहून काम करण्याविषयी विचारणाही झाली. ती त्यांनी नाकारली. त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले आणि परतल्यावर भांडवलाची मोठी ओढाताण झाली. चिंता वाटून घेतल्याने संकटे टळत नाहीत. ती सोसण्याचे बळ मात्र येते.

तांड्याची रीत

याच संदर्भात आपल्या जिल्ह्यातील एक जुनी रीत आठवते. पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णी, महागाव या भागांत बंजारा समाजाचे तांडे आहेत. दीर्घकाळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिलेले वसंतराव नाईक हे पुसद तालुक्यातील गहुली येथील तांड्यातलेच. रस्ते व रेल्वे होण्यापूर्वी हा समाज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून शेकडो कोस व्यापार करीत असे. त्याला लदेणी म्हणत. त्या काळी एका राज्यातून दुसऱ्यात जाणे हेही परदेशी जाण्यासारखेच होते. भाषा वेगळी, चोरांचे भय, पावसापाण्याची अनिश्चितता. परंतु लदेणीला माणूस एकटा जात नसे. बायकामुलांसह सगळा तांडा चालत असे आणि पुढे नायक असे. मार्ग, मुक्काम, भांडण, नुकसान यांचा निवाडा सर्वांसमोर होई.

आज कोणी तांडा घेऊन विमानात बसू शकत नाही हे उघड आहे. पण ओझे बैलांवर वाटून लादावे, एकाच बैलाची पाठ मोडू नये, हे त्या व्यापाऱ्यांना कळत होते. आपण मात्र सगळ्या घराचे ओझे शिकलेल्या एका मुलावर लादतो आणि "खुशाल जा" म्हणतो.

खोटी खुशाली

या लेखासाठी माझ्या चुलतभावाशी मी बराच वेळ बोललो. तो पदविकाधारक असून पुण्याजवळील एका कारखान्यात आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात त्याला एका यंत्राची दुरुस्ती शिकण्यासाठी सात आठवडे जर्मनीला पाठवले होते. परतल्यावर तीन वर्षे नोकरी सोडणार नाही, असे बंधपत्र त्याने लिहून दिले होते. यंत्र समजले नाही तर काय, ही धास्ती पहिल्या दिवसापासून होती. शिकवणाऱ्यांचे इंग्रजी त्याला अर्धेच कळे आणि त्याचे त्यांना. रात्री साडेनऊपर्यंत बाहेर उजेड. त्या वेळी आपल्याकडे एक वाजलेला असे. झोप लागता लागता पहाट होई.

घरी मात्र तो रोज व्हॉट्सअॅपवर हसतमुखाने "मस्त चालू आहे" असे सांगत असे. "मायले काय सांगू? ते रातभर जागली असती," असे तो मला म्हणाला.

आता घरची बाजू पाहा. २२ जुलै २०२३ रोजी आपल्या जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्यावर माणसे पुराने वेढली गेली, ती बातमी देशभर गेली. त्यानेही ती मोबाइलवर वाचली आणि घाबरून घरी फोन केला. "आपल्याकडं काई नाई झालं, तू तुह्यं काम कर," असे त्याला सांगण्यात आले. वास्तविक नाल्याकाठची दोन एकर कपाशी खरडून गेली होती. त्याला ते खरे वाटले नाही, पण पुन्हा विचारण्याचे धैर्यही झाले नाही. इकडे आईवडील त्याचा सुकलेला चेहरा पाहत होते. तेही काही विचारीत नव्हते. दोन्हीकडून "सगळे ठीक" आणि दोन्हीकडे झोप नाही, असे दहा-बारा दिवस गेले.

शेवटी धाकट्या बहिणीने शेताचा फोटो पाठवला. त्याने वडिलांना फोन केला आणि वडिलांनी सगळे सांगितले. किती गेले, किती राहिले, पंचनामा झाला की नाही. मग त्यानेही सांगितले की मला यंत्र समजत नाही आणि झोप येत नाही. वडील चौथी शिकलेले. ते एवढेच म्हणाले, "कोणालेतरी पुन्हा विचार. विचारायले पैसे लागत नाई." दुसऱ्या दिवशी त्याने तिथल्या एका वयस्क कामगाराला सावकाश दाखवायला सांगितले. त्या गृहस्थाने कागदावर चित्रे काढून समजावले. कपाशी काही परत आली नाही. पण त्या रात्री तो झोपला.

मला वाटते, यात सर्व सार आले. वाईट बातमी माणसाला एकदा घायाळ करते. लपवलेली बातमी रोज करते, कारण मन तिच्या जागी शंभर कल्पना उभ्या करते. ओझे पोटात ठेवण्याचे परिणाम आपल्या जिल्ह्याला कोणी शिकवण्याची गरज नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे यवतमाळचे नाव वृत्तपत्रांतून देशभर गेले. त्यांमागील नापिकी, भाव, कर्ज ही कारणे नुसत्या बोलण्याने दूर होणारी नाहीत. तरीपण कर्जाचा खरा आकडा घरच्या बाईला माणूस गेल्यानंतरच कळला, असेही कितीतरी घरांत झाले आहे. तीच सवय घेऊन आपली मुले परदेशी जात असतील, तर ती सवय मोडणे हा ताणावरील पहिला इलाज होय.

काय करावे?

आता थोडक्यात काही सूचना.

निघण्यापूर्वी घरच्यांना एकत्र बसवून काम काय आहे, किती दिवसांचे आहे, खर्च कोणाचा, बंधपत्रात काय लिहिले आहे, हे सर्व समजावून सांगावे. आईवडील शिकलेले नसले तरी व्यवहार त्यांना कळतो. आपल्या गैरहजेरीत बँक, दवाखाना, शेतीची कामे कोण पाहील हे ठरवून घ्यावे. पासपोर्ट, व्हिसा, विमा यांच्या प्रती घरीही ठेवाव्यात. जिथे जावयाचे तेथील भारतीय वकिलातीचा फोन नंबर लिहून घ्यावा. आणि त्या देशात आधी जाऊन आलेल्या एखाद्या सहकाऱ्याला भेटून बारीकसारीक प्रश्न निःसंकोच विचारावेत.

तिकडे गेल्यावर दिवसाला बांधणी द्यावी. उठणे, जेवणे, फिरणे यांच्या वेळा ठरवाव्यात. आपले अन्न थोडेतरी सोबत असावे. मात्र नेण्यापूर्वी त्या देशाचे नियम पाहावेत, कारण अनेक ठिकाणी खाद्यपदार्थांवर बंधने असतात. दिवसभरात आपण काय केले हे रात्री वहीत चार ओळींत लिहावे. उद्याची कामेही लिहावीत, म्हणजे ती डोक्यातून कागदावर जातात. तिथल्या एका तरी माणसाशी कामापलीकडचे बोलावे. समजले नाही तर "समजले नाही" म्हणावे. आणि घरी फोन रोज दहादा करण्यापेक्षा एकदा करावा, पण खरा करावा.

घरच्यांनीही काही पाळावयाचे आहे. "पैसे कधी पाठवतोस?" हा पहिला प्रश्न नसावा. घरी आजारपण किंवा नुकसान झाले तर सगळे एकदम अंगावर न टाकता, पण खोटेही न बोलता, झाले ते आणि त्यावर आपण काय करीत आहोत ते सांगावे. मुलीला कामासाठी परदेशी पाठवताना ही गोष्ट दुप्पट लक्षात ठेवावी. "आम्ही आधीच सांगितले होते" असे ऐकावे लागेल या भीतीने मुली अडचण सांगतच नाहीत.

पाठवणाऱ्या कंपन्यांनी पोहोचल्यावर एक दिवस विसावा आणि विचारायला एक माणूस एवढे दिले तरी कामगाराचे व त्यांचेही हित होईल.

परतल्यानंतरही आठवडाभर झोप व चित्त थाऱ्यावर नसते, हे सर्वांनी गृहीत धरावे. महिनाभर झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही असे झाले, तर त्याला दुबळेपणा न समजता डॉक्टरांकडे जावे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मनाच्या तक्रारींबद्दल मोफत बोलता येते, मराठीतूनही. हा क्रमांक परदेशी गेलेल्याच्या घरच्यांनी जवळ ठेवण्यासारखा आहे.

आपल्या जुन्या पत्रांच्या शेवटी "इकडील सर्व ठीक, तुमची खुशाली कळवावी" असे ठरावीक वाक्य असे. पुष्कळदा ते वाक्य लिहिले जाई तेव्हा इकडील सर्व ठीक नसे आणि उत्तरात येणारी खुशालीही खरी नसे. पत्रे गेली, मोबाइल आले, पण वाक्य तेच राहिले. येत्या काळात आपल्या कॉलेजातील किती विद्यार्थी कामासाठी परदेशी जातील ते सांगता येत नाही. पण जातील हे नक्की. त्यांनी जरूर जावे, नवे शिकून यावे. जाताना सामानाच्या वजनाची चौकशी आपण चारचारदा करतो. मनावरील ओझ्याचीही तशीच चौकशी करावी, त्यातील निम्मे घरच्यांच्या हाती द्यावे, आणि तिकडून खुशाली कळवावी ती खरी कळवावी.